बिननावाच्या गोळ्या

४ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

काल घरी पोचले ती हात हलवत. तू मिळवून दिलेल्या सगळ्या गोळ्या सरहद्दीच्या नाक्यावर काढून घेतल्या. चूक माझीच. तुझ्या भावोजींना फेफरं येतं हे गिऱ्हाइकांना कळलेलं त्यांना चालत नाही. वस्तरा त्यांनी कधीच सोडला, नुसती कात्री चालवतात. तरी म्हणतात, कळलं तर न्हाव्याच्या खुर्चीत मान कोण देईल? म्हणून तुझ्याकडेच खोकी-पाकिटं फाडून मी गोळ्या बटव्यात भरते. आजवर तो कुणी उघडला नव्हता. काल तपासणीवाल्या बाईने उघडला आणि विचारलं, कसल्या गोळ्या, कुणाच्या? मागे आमच्या गल्लीतला दूधवाला उभा. त्याच्यासमोर यांचं नाव कसं सांगू? बिननावाच्या गोळ्या सोडता येत नाहीत म्हणाली. तिचं तरी काय चुकलं?

घरात आठवडाभर पुरतील एवढ्याच उरल्यात. इकडे हे औषध मिळतच नाही. गोळी चुकली की काय होतं, ते तू पाहिलं आहेस. पाय भरून आलेत बाबा, आणि मनही. काहीतरी सुचव.

तुझी,
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून भट्टीतले पाव करपवले. मालक दिवसभर माझ्या नावाने शंख करत होता. ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण नाक्यावर मूठ उघडायलाच लावतात! बटवा काय शिवतेस? पुढच्या वेळी उशीत भर, म्हणजे थेट तुरुंगात झोपायला उपयोगी पडेल.

चेष्टा पुरे. डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, दुसऱ्याच्या हाती आता चिठ्ठी देणार नाही, रोग्याला तपासूनच देईन. औषध त्याने स्वतः न्यावं, खोक्यासकट, चिठ्ठी वर ठेवून. कुणी विचारलं तर सरळ सांगावं. भावोजींना घेऊन ये. येणार नाही म्हणतील. तू रडू नकोस, भांडू नकोस, फक्त उरलेल्या गोळ्या त्यांच्यासमोर ठेव.

माया आहेच, ती तशीच ठेव.
धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि तुझ्या भट्टीलाही.

डॉक्टरांकडून औषध घेऊन परतताना नाक्यावर तुझ्या भावोजींनी टोपी डोळ्यांपर्यंत ओढली होती, जणू चोरीचा माल नेतोय. रांग सरकता सरकेना. मी दोनदा म्हटलं, बसा; ऐकलं नाही. पाळी आली तेव्हा तपासनीसाने खोकं उचलून खणखणीत आवाजात विचारलं, हे कुणाचं? मी बोलायला तोंड उघडलं, तर यांनी माझा हात दाबला. टोपी काढली आणि म्हणाले, माझं आहे, मला फेफरं येतं. तेही दुकानात पुढचं गिऱ्हाईक हाकारतात त्या आवाजात.

त्याने चिठ्ठी पाहिली, खोकं परत दिलं आणि पुढच्याला बोलावलं. झालं. आमच्या मागे एक बाई पोराचं नाक पुसत होती, दोघे जण जागेवरून भांडत होते, एक म्हातारा उभ्या उभ्या पेंगत होता.

बसमध्ये यांनी टोपी घडी करून खिशात घातली. मग चिडूनच म्हणाले, इतकी वर्षं जीव मुठीत धरून लपवलं, आणि एकानेही मान वळवून पाहिलं नाही! एवढं बोलून खोकं मांडीवर धरलं, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि घोरायला लागले. मला हसू येत होतं आणि रडूही. पण खांदा हलवायचा नव्हता, म्हणून काहीच केलं नाही.

जेवत जा, आणि आमची आठवण ठेव.
ताई