एका ओळीत दोन नावं

११ जानेवारी, पांढरकवडा
आज तुरीच्या शेंगा उकडल्या. पूर्वी आम्ही चौघं एकाच परातीभोवती बसून खायचो. उर्वशीने सोललेले दाणे राजदीप तिच्या मुठीतून पळवायचा, आणि हे प्रश्नपत्रिका बाजूला सारून हसायचे. आता भावंडं वर्षभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. कारण मला पक्कं ठाऊक आहे. हे गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून राजदीपचं नाव वर छापलं, थोरल्या उर्वशीचं खाली.

पहिल्या स्मृतिदिनाची पत्रिका मीच जुळवणार. ह्यांच्या कॉम्प्युटरवर लाटेक हा मजकूर जुळवायचा प्रोग्राम आहे. गणिताचे पेपर ते त्यातच करायचे. नावं एकाखाली एक नाहीत, वाक्यातच वाहती यादी. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. एका संध्याकाळचं काम.

१५ जानेवारी
एरर. एक कंस बंद करायचा राहिला म्हणे. कॉन्व्हेंटात सिस्टर माझी वही नमुना म्हणून वर्गाला दाखवायच्या. चूक प्रोग्रामचीच असणार.

१८ जानेवारी, दुपार
यादी वाक्यात आली! पण प्रोग्राम आपणहून १, २ असे आकडे घालतो. म्हणजे पुन्हा पहिला-दुसरा आलाच. आकडे काढून फुलं घातली. सुरेख दिसतात.

१९ जानेवारी
ओळ संपली आणि उर्वशी खालच्या ओळीत उतरली. तिला आधी घेतलं, तर राजदीप उतरला. अक्षर बारीक केलं. प्रेसवाले संजय म्हणाले, "मॅडम, हे पत्रिका मुंग्याइले वाटाची हाये का?"

२२ जानेवारी
तोडगा सापडला. दोन नमुने. एकात उर्वशी आधी, एकात राजदीप. ज्याला त्याला आपापला. संजय म्हणाले, "काहून जी, दोन ठिकानी कार्यक्रम हाये का?" त्यांना नाजूक गोष्टी कळत नाहीत.

२४ जानेवारी
दोघांना फोनवर फोटो पाठवले. नागपूरहून उर्वशी म्हणाली, "आई, माझं नाव आधी कशाला? राजदीपचं टाक." पुण्याहून राजदीप म्हणाला, "ताई मोठी आहे, तिचंच टाक." माझे डोळे भरून आले. काय हे संस्कार! भांडण मिटलं.

२६ जानेवारी
राजदीपने तिघांना एकाच कॉलवर घेतलं. म्हणाला, "ताई, पहिलं नाव तुझं, तर आईला तूच ने." ती म्हणाली, "काहून? गेल्या वर्षी तुझं वर होतं, तेव्हा तू नेलंस का? माझ्याकडे दोनच खोल्या आहेत."
मी लाइनवरच होते. विचारलं, "अक्षर थोडं मोठं करू का?"


३० जानेवारी
पत्रिका छापून आल्या. निमंत्रक एकच, मी. अक्षर चांगलं ठसठशीत. यादी लागलीच नाही.
कार्यक्रमात माझी धांदल होईल, म्हणून कोणाला काय द्यायचं ते शेजारच्या तानाबाईला सांगून ठेवलं आहे. ह्यांचं घड्याळ राजदीपला. चांदीचा पेला उर्वशीला. कॉम्प्युटर संजयना. उरलेली खीर, ज्याने डबा आणला असेल त्याला.
मला मात्र कोणाच्याच वाट्याला घालायचं नाही.