एकाच सकाळी दोन पेपर

म्हैसूर, १२ एप्रिल

चि. विजय यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

स्पृहाचे गणित आणि भूगोल एकाच सकाळी आले आणि दुपारी भौतिकशास्त्र, हे ऐकताच तू भूगोल सोडायला सांगितलंस. तुझी मुलगी दोन वर्षं टी. नरसीपूरच्या संगमावर जाऊन नदीचा गाळ तपासते आहे. तिला पुढे तेच शिकायचं आहे आणि भूगोलाशिवाय त्या कॉलेजात प्रवेश नाही. तेव्हा सोडायचं नाही.

मी शाळेत जाऊन आले. परीक्षेचं काम पाहणाऱ्या विशालाक्षी मॅडम सांगतात की अशा वेळी एक पेपर, म्हणजे तिचा भूगोल, दुसऱ्या दिवशी सकाळी देता येतो. अट एवढीच की मधल्या वेळात तिने कुणाशी बोलायचं नाही. फोन नाही, इंटरनेट नाही, आणि तो पेपर देऊन आलेल्यांचं तर दर्शनही नाही. घरच्या जबाबदार माणसाने तिच्यावर लक्ष ठेवायचं आणि काही घडलं तर शाळेला कळवायचं. जबाबदार माणूस म्हणून मी सही केली आहे. त्या संध्याकाळी नाशिकहून फोन आलेला मला चालणार नाही.

चि. सौ. अदितीस आशीर्वाद. माया आहेच, ती फोन न करता दाखवावी.

तुझी,
जानकीताई

•

नाशिक, २० एप्रिल

ती. जानकीताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अदिती म्हणते, कैद्यालासुद्धा भेटायला माणसं जातात. मी तिला सांगितलं की ताईच्या वर्गात मी विद्यार्थी म्हणून एक वर्ष काढलं आहे, कैदी सुखी असतात.

चेष्टा सोड. एका दिवसात दोन मोठे पेपर आणि उजाडताच तिसरा. तिन्हींच्या तयारीनेच थकून गणितही घालवेल, ही माझी खरी भीती आहे. पण तू सही केलीस म्हणजे माझं मत विचारण्यात अर्थ नाही. फोन करणार नाही, शब्द देतो. काही लागलं तर माझे तिथले जुने सहकारी मनोहरराव तुमच्या मागच्याच गल्लीत आहेत. त्यांचा कुशलही भूगोल देतो आहे.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझा,
विजय

•

म्हैसूर, ९ मे

चि. विजय यास आशीर्वाद. (आज देणार नव्हते.)

तू शब्द पाळलास, फोन केला नाहीस. मनोहररावांना फोन केलास! कुशलला पेपर सोपा गेल्याचं ऐकून तुला राहवलं नाही, आणि पोरीला धीर द्यायला तू त्या गृहस्थांना पाठवलंस. मी स्वयंपाकघरात चटणी वाटत होते, स्पृहा समोर बसलेली. फाटकातूनच त्यांनी हाक मारली, की सुम्ने, उगाच टेन्शन घेऊ नको मरी, बाळा, पेपर एकदम ईझी होता, बाबांनी सांगायला सांगितलंय. वर पहिला प्रश्न कशावर होता तेही सांगायला लागले. मी मिक्सर सुरू केला आणि ते हात हलवत निघून जाईपर्यंत बंद केला नाही. चटणीचं पीठ झालं.

स्पृहा रडकुंडीला आली. प्रश्न ऐकूच आला नाही, तर शाळेत कशाला सांगायचं, म्हणाली. मी म्हटलं, सही माझी आहे. सकाळी रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसली होती. विशालाक्षी मॅडमनी तिला एकटीला आत बोलावलं, बराच वेळ विचारलं आणि परीक्षा मंडळाला फोन केला. विजय, बाहेरच्या बाकावर मी घाबरले होते. तिचं वर्ष माझ्या सहीपायी जाईल असं वाटलं. मग दार उघडलं आणि तिला पेपरला बसवलं.

सोबत तिचं पत्र आहे. माझ्यावर तिचा थोडा राग शिल्लक आहे, तो तिच्याकडेच असू दे. तुझा लोभ मात्र इकडे पाठव.

जानकीताई

•

म्हैसूर, ९ मे

ती. बाबांना सा. न.

आत्या म्हणते पत्रात ‘तुम्ही’च लिहायचं, म्हणून तुम्ही.

पेपर सोपा नव्हता. कुशलला प्रत्येक पेपर सोपा जातो, निकाल लागेपर्यंत. पण आतल्या खोलीत मॅडमनी विचारलं तेव्हा सगळं खरं सांगून झालं होतं, त्यामुळे लिहिताना डोक्यात फक्त नदी होती. सगळे प्रश्न सोडवले. गणितही बरं गेलं, तुमची भीती वाया गेली.

कॉलेजच्या अर्जात विषयाची पहिली पसंती भरायची आहे. काल फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणालात. आत्या म्हणते ‘बघू’ हे उत्तर नाही, लेखी घे. तर लिहून पाठवाल? आईला नमस्कार, आणि दोघांचा जीव माझ्यावर असू द्या.

तुमची,
स्पृहा

•

नाशिक, १५ मे

चि. स्पृहास आशीर्वाद.

भूगोल.

हे ताईला दाखव. सही खाली केली आहे.

बाबा