फळ धरेपर्यंत

९ जानेवारी

पुन्हा तेच — फळ नाही! तुरे गळून खडकांवर लालसर भुसा पडलाय, बस्स. बाबा व्हरांड्यात वाट बघत बसले होते. माझ्या चालण्यावरूनच त्यांना कळतं की मी हात हलवत परत आलेय. तरी विचारतात, "काय गं, धरलं का?"

"नाही."

"धरेल. घाई कसली?"

घाई मला आहे! त्यांच्या नदीकाठच्या वनस्पतींच्या पुस्तकातलं हे शेवटचं झुडूप. पान, खोड, मुळं, फूल — सगळं काढून झालंय. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात फळाची जागा तेवढी कोरी आहे. ती भरली की पुस्तक संपलं आणि मी मोकळी. हे त्यांचेच शब्द! त्यांची नजर अधू झाल्यापासून लिहायचं मी, काढायचं मी आणि वाट बघायची तीही मीच.

१२ जानेवारी

वर्णन पुन्हा वाचून दाखवलं. पान अरुंद, लांबट, वरून गुळगुळीत, खालून करडं. कोवळी पानं तांबूस. मुळं खडकाच्या भेगांत घट्ट.

बाबा खुशीत आले. "पान अरुंद का? पाण्याला अडवायचं नाही म्हणून. पूर आला की वाकतं, बुडून राहतं. पाणी ओसरलं की पुन्हा उभं. पण जागा सोडत नाही पठ्ठ्या!"

मला नाही कौतुक वाटलं. बिचारं जाणार तरी कुठे?

१५ जानेवारी

काही नाही. दूध उतू गेलं.

१९ जानेवारी

शहरातल्या वनस्पती संग्रहालयातून मॅडमचा फोन. चित्रकाराची जागा अजून माझ्यासाठी ठेवलीय. पण पहिल्या तारखेला हजर झाले नाही तर दुसरी मुलगी घेतील. त्यात त्यांची काय चूक? किती थांबतील?

फळाचं रडगाणं सांगितलं तर हसल्या. "अगं, मग 'फळ : पाहिले नाही' असं लिही ना! सगळेच लिहितात."

हे बाबांना सांगायला गेले, तर ते भडकलेच! "'पाहिले नाही' म्हणजे आळशी माणसाचं काम. माझ्या पुस्तकात ही ओळ येणार नाही." मग जरा वेळाने, तोंड फिरवून — "तुला जायचं तर जा. मी घेईन कुणाकडून तरी करून."

कुणाकडून? चष्मा नाकावर असताना घरभर चष्मा शोधणारा हा माणूस! मोरीत नळ सोडून रडले. या घरात जीव गुदमरतोय माझा, आणि सांगायची सोय नाही.

२२ जानेवारी

मॅडमना फुलाचा फोटो पाठवला. विचारलं, यातलं एकही फळ का धरत नाही? लगेच फोन — "अगं, हे नुसतं नरफूल आहे! या जातीत नर झुडूप वेगळं आणि मादी वेगळी. मादी शोध, फळ तिथे सापडेल. बाबांना विचार की, त्यांना हे पाठ असेल."

बाबा तर म्हणाले होते की मादीफुलं त्याच फांदीवर मागाहून येतात! वय झालं, विसरले असतील. मला फक्त दिसेल ते काढता येतं, म्हणून त्यांचं म्हणणं मी खरं मानलं.

पण मादी सापडली की सुटले! कितीतरी दिवसांनी आज पोटभर जेवले.

२५ जानेवारी

काठ पालथा घातला. भिंग लावून एकेक तुरा बघितला. नर, नर, नर! अख्खा काठ म्हणजे पुरुषांचं वसतिगृह.

वैतागून घाटाच्या पायरीवर बसले, तर नाववाली काकू दोर गुंडाळत म्हणाली, "अगं, सगळी सारखीच असणार ना. तुझ्या आईबाबांनीच लावलीत ती. तू झाली नव्हतीस तेव्हा. पाणी घराच्या पायरीला लागायचं म्हणून पलीकडच्या एका झुडपाच्या फांद्या तोडून साऱ्या काठाला खोचल्या. माझ्याच नावेतून आणल्या."

एका झुडपाच्या! मग इथे मादी येणार कुठून? आणि हे बाबांना ठाऊक नाही?

संध्याकाळी जेवले नाही. त्यांनी दोनदा हाक मारली.

२७ जानेवारी

शेवटी विचारलं. "काठ तुम्हीच लावलात ना? एका झुडपावरून?"

चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग — "हो."

"मग मादीफुलांचं विसरलात?"

"विसरलो नव्हतो."

ओरडले मी! आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर इतकी ओरडले. न येणाऱ्या फळासाठी मला रोज काठावर पाठवत होतात! रोज विचारत होतात, धरलं का म्हणून! ते मान खाली घालून खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, "पुस्तक संपलं की या घरात माझ्याशी बोलणार कोण?"

इतका राग आला की थोबाडीत मारावीशी वाटली. आणि कीवही आली. रागावर बॅग भरता येते. कीव आली की माणूस पुन्हा चहा टाकायला उठतो. मी उठले.

२९ जानेवारी

सकाळी चहाच्या आधीच हाक. "कागद घे."

घेतला.

"लिही. फळ : पाहिले नाही."

लिहिलं.

"पूर्णविराम दिलास?"

"दिला."

"मग बॅग भर. काकूला नाव लावून ठेवायला सांगितलंय."