येसाजीच्या माळ्यावरची बंदूक

महाड, कार्तिक वद्य पंचमी

प्रिय येसाजी,

तुझ्या माळ्यावरची ती तोड्याची बंदूक मला काय भावाने पडली, ते आज मांडतो. मिठाच्या चार गोण्या, तुझ्या आईला, रंगूमावशीला, एक लुगडं आणि पोलादपूरपर्यंतचं गाडीभाडं. इतकं तुला ठाऊक आहे. त्यावर जे पडलं, ते तुझ्या कानावर अजून आलेलं नाही. मास्तर तुला हे पत्र वाचून दाखवतील. त्यांनाही कळू दे. पेठेत तू आधीच पुष्कळ बोलला आहेस.

सावित्रीच्या धक्क्यावर आपण दोघांनी पोती वाहिली. तू डोंगरात परतलास, मी राहिलो आणि वखारीचा शेट झालो, तो या कानांच्या जोरावर. रुपया फरशीवर पडला की खोटा ओळखायचो. भाताच्या गोणीवर थाप मारून आतली ओल सांगायचो. भरती लागली की अंथरुणातून कळायचं. जुन्या बंदुकांचा नाद लागला तोही असाच. लोक नळीवरची नक्षी बघतात, मी अंगठीने टिचकी मारून ऐकायचो. चिरलेली नळी फुटक्या मडक्यासारखी बदबदते, अखंड असेल ती गाते. उंटावरून उडवायचा जंबुरा, हातातल्या काठीत दडवलेली बंदूक, सगळं असंच ऐकून घेतलं, परवाना काढून ओटीवर मांडलं.

तुझी बंदूक त्या सगळ्यांत देखणी. नळीचं तोंड वाघाच्या जबड्यासारखं. तू गज पुढे केलास, आत घालून बघ म्हणालास. मी हसलो. गज बहिऱ्यांनी घालावा, म्हणालो. टिचकी मारली, रिकामी आहे म्हणून सांगितलं. तूही हसलास. मला वाटलं, कौतुकाने.

खंडेनवमीला शस्त्रं पुजली. मामलेदारसाहेब आले होते. त्यांना नळीचं गाणं ऐकवायला मी तुझ्या बंदुकीवर कान लावून वाकलो होतो. आमची गोदावरी आरती ओवाळत होती. तबकातली कापराची पेटती वडी घरंगळली, ती नेमकी बत्ती देण्याच्या भोकावर. गोळी समोरच्या भिंतीत गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं पेठेत सांगतात. मीही सांगू दिलं.

मग रंगूमावशी बाजाराला आली, ती गोदावरीपाशी बसून रडली. तुमच्या घरात बंदूक उपाशी ठेवत नाहीत म्हणे. तुझ्या बापाने डुकरांसाठी भरली, ती चुलीच्या धुरावर तशीच राहिली. दारू कोरडी ठणठणीत. मी गाडीत बसत होतो तेव्हा मावशी तुला म्हणाली, सांग रे बाबा त्याला, भरलेली हाय. आणि तू म्हणालास, "गप गो आये. शेटचा कान हाय ना? कळंल त्याला."

तीस वर्षांची ओळख, येसाजी. एका शब्दाचं काम होतं. माझा तोरा उतरावा, एवढीच तुझी इच्छा असेल. मोठ्याने बोलायची मला खोड होती, मान्य. पण तुझ्या गप्प बसण्यापुढे ती काहीच नाही.

आता पत्राचं कारण. गेल्या आठवड्यात तू आलास, अंगणातून चारदा हाक मारलीस आणि मी पाठ फिरवून पिस्तुलाला तेल लावत बसलो, असं तू गावभर सांगतोस. शेटला माज आला, म्हणतोस. तेवढा मान तुला द्यायला मला आवडलं असतं. पण तू आल्याचं मला तू गेल्यावर कळलं, गोदावरीने पाटीवर लिहिलं तेव्हा. पुन्हा यायचं मनात आलं तर थेट समोर येऊन उभा राहा, मागून हाका मारू नकोस. खंडेनवमीपासून मला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी.

अजून तरी तुझाच,
महिपत