अळीवरचा काळा ठिपका

रांची, १२ सप्टेंबर १९८२

ती. आईले घनश्यामचा दुरूनच पायलागू.

कोशाच्या रेशमाचं ट्रेनिंग बरं चालू आहे. भात पोटभर भेटते. तुझा खोकला कमी झाला का?

काल मास्तरनं भिंगाखाली दोन मेल्या माशा ठेवल्या. म्हणे, "यातली घरातली कोणती, सांग." दोघींच्याही पाठीवर काळे पट्टे, चार-चारच! मी दोन्ही उलटून पाहिल्या. मग दिसलं, एकीच्या पोटावर डुकरासारखे ताठ केस. तेच उझी माशी. ते येनाच्या झाडावरच्या आपल्या कोशाच्या अळीवर अंडं घालते. त्यातला किडा अळीच्या आत शिरून तिले खाते. शिरला तिथं काळा ठिपका राहते.

आई, मागच्या साली आपल्या मेल्या अळ्यांवर हाच ठिपका होता ना? तू म्हणे, चंद्रकला वहिनी येनाखाली गेली, म्हणून विटाळ झाला. तेव्हापासून तिले तिकडं बंदी. खरं वाटत नसन तर पाकिटात एक मेली उझी माशी ठेवली आहे, तिच्या पोटावर बोट फिरवून पाह्य.

हे पत्र वहिनीच तुले वाचून दाखवून राहिली असन. वहिनी, आवाज बारीक करू नको. एवढी ओळ दोनदा वाच: अळ्या माशीनं मारल्या.

तुझा,
घनश्याम