उलटे वेढे

३ फेब्रुवारी

— आणि शेपूट पुन्हा कललेलंच. गाठ कापली, दोरा सोडवला, पिसं फेकली. गळ तेवढा उरला. मासे पकडायची, पिसांची ही आजची सातवी माशी. सातही बाबांनी सकाळी बांधलेल्या. आता त्याच गळांवर मी बांधायच्या, आणि त्यांच्या डबीत ठेवायच्या.

चार ते पाच एवढाच वेळ मिळतो. तेव्हा शेजारचे महागूकाका त्यांना चहाच्या टपरीवर नेतात. आजही दारातूनच ओरडले, "चाल ना बे चैतराम! तुह्या माशा काय उडून चालल्या का?" बाबा हसले. पायाने उंबरठा चाचपला. मी भाजी निवडत राहिले.

५ फेब्रुवारी

वारासिवनीहून गजेंद्रकाकांचा फोन. बाबांचा माल तेच परदेशी पाठवतात. गेल्या महिन्यात चिडले होते — "पोरी, चैतरामची माशी अन् पाण्यात बुडते? लोकं हासून राह्यले!" आज खूश. "आता कशी पह्यल्यासारखी आली! म्हातारा सुधरला."

मी हौ म्हटलं.

८ फेब्रुवारी

कोंबड्याच्या मानेचं पीस ताठ असतं. गळाला गुंडाळलं की तंतू चहूकडे उभे राहतात. त्यांच्या टोकांवर आणि शेपटावर माशी पाण्यावर तरते. कोंबडीचं पीस मऊ, ते पाणी पितं. बाबांनीच शिकवलेलं. हल्ली न दिसल्यामुळे तेच दोन्ही एकत्र बांधतात.

बाबांना काचबिंदू. गेलेली नजर येत नाही, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना म्हणाले, थेंब टाकत राहा. बाबा थेंब टाकतात. मग डोळे मिटून वाट पाहतात!

सांगणार कसं? आई गेली तेव्हाही तिसऱ्या दिवशी ते माशा बांधायला या टेबलाशी बसले होते. टेबल सुटलं तर बाबा संपले. एवढंच मला कळतं.

१० फेब्रुवारी

आज बाबांची एक तरी ठेवता येईल असं वाटलं. खिडकीशी उजेडात धरली. नाही.

१३ फेब्रुवारी

"कशी झाली?" बाबांनी विचारलं.

"चांगली."

"शेपूट?"

"चांगलं."

नागपूरला पाच वर्षं साहित्य शिकले. शब्द पारखून घ्यायला शिकले म्हणे. घरात आता 'चांगलं' हा एकच उरला आहे. तोही खोटा.

१६ फेब्रुवारी

संपलं.

बाबा दुपारी टपरीवर गेलेच नाहीत. महागूकाकांना परत पाठवलं. डबी उघडून एकेक माशी ओठाला लावत बसले. पिसांचा ताठपणा असा ओठाने तपासताना मी त्यांना आज पहिल्यांदा पाहिलं. एक थांबवली. "शेपूट लांब झालं. मी काहून एवढं ठेवलं?" माझा हात लांबच ठेवतो.

त्यांनी ती शिकंज्यात, गळ घट्ट धरणाऱ्या टेबलावरच्या चिमट्यात, अडकवली. माशीच्या डोक्याकडची गाठ ब्लेडने कापली. दोरा सोडवायला लागले. दोरा सुटेना. फिरवतील तसा आवळत गेला.

बाबा डावखुरे. मी टेबलाच्या या बाजूला, त्यांच्या समोर बसून शिकले. उजव्या हाताने. शिकंजा फिरवावाही लागला नाही कधी. दोरा दोघंही आपल्यापासून दूर फिरवतो, म्हणून माझे वेढे त्यांच्या उलट जातात — हे माझ्या मनातही आलं नव्हतं! लांबी पाहिली, ताठपणा पाहिला, दोऱ्याला लावायच्या मेणाचा रंगसुद्धा जुळवला. दिशा नाही.

बाबांनी बोटं थांबवली. मग दोरा दुसरीकडून फिरवला. सरसर सुटला.

"किती?"

"सगळ्या."

"कवापासून?"

"जानेवारीपासून."

"अन् माह्यावाल्या?"

मी खाली कचऱ्याच्या टोपलीकडे पाहिलं. ते त्यांना दिसलं नसेल. तरी समजलं. उठले. टेबलाचा कोपरा मांडीला लागला, मी हात पुढे केला तर झटकला. "राहू दे." जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले आहेत.

मी काय वाचवायला गेले होते?

१७ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी गजेंद्रकाकांचा नंबर लावून मागितला. लावून दिला. म्हणाले, "मले दिवाळीपासून दिसत नाही, गजेंद्र. माल पोरगी बांधते."