तोच नंबर

पनवेल, शनिवार

प्रिय प्रणित,

वर्ष होत आलं, तू आमच्याकडे फिरकला नाहीस. फोनही उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तरी बाजूला टाकू नकोस. तुझ्या आईशी, मालूताईंशी, मी बोललो आहे. पत्र त्या तुझ्या हातात देतील.

आमचा सत्यजीत गेल्यावर महिन्याभरात तू तुझा सीपीयू आमच्या दारात आणून ठेवलास. "काका, मला ह्यो घरात बघवत नाय," एवढंच म्हणालास आणि पाणीही न घेता उरणला परत गेलास. शोभाकाकीने त्यावर जुनी चादर टाकली. सत्याच्या खोलीत, त्याच्या लॅपटॉपशेजारी, तो तसाच पडून होता. मागच्या सोमवारी मी चादर काढली.

तुला आमचा वाद माहीत आहे. न बांधलेल्या इमारती पडद्यावर फिरवून दाखवायची कामं सत्याला मिळायला लागली, तेव्हापासून तो डेस्कटॉप हवा म्हणत होता. लॅपटॉप मीच घेऊन दिला होता. मी त्या लॅपटॉपच्या आणि तुझ्या सीपीयूच्या प्रोसेसरांची नावं कागदावर लिहून त्याच्यापुढे धरली. नंबर तोच, पिढी तीच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. "अरे, एका अक्षरासाठी एवढं धूड घरात आणायचं?" तो म्हणाला, "बाबा, त्या अक्षरातच सगळं आहे." मी हसलो. तीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काढली, तपासल्याशिवाय एकाही पिंपावर सही केली नाही, आणि पोराच्या बाबतीत मात्र लेबल वाचून मोकळा झालो.

म्हणून या आठवड्यात मोजलं. पोलिसांनी घड्याळाबरोबर परत दिलेल्या पेनड्राइव्हवर त्याचं शेवटचं काम आहे, उलव्याची सोळा मजली इमारत. तेच काम दोन्ही यंत्रांवर तीन-तीनदा लावलं. लॅपटॉप पहिली चार मिनिटं असा धावतो, की मला वाटलं माझंच खरं. मग आतलं तापमान सत्त्याण्णव अंशांवर जातं आणि तो स्वतःला जपायला वेग निम्म्याच्याही खाली आणतो. त्या चपट्या डब्यातून उष्णता जाणार कुठे? तुझा सीपीयू तिप्पट वीज खातो, पण पहिल्या मिनिटाचा वेग शेवटच्या मिनिटालाही सोडत नाही. लॅपटॉपला पाच तास वीस मिनिटं लागली, सीपीयूला दोन तास पाच. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

मंगळवारी दुपारी लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. शोभा स्वयंपाकघरात होती. तो आवाज तिने वर्षभर ऐकला नव्हता. "सत्या, ऊठ आता, ताट वाढलंय," ती तिथूनच म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. मग भांड्यांचा आवाज थांबला. ती येऊन दारात उभी राहिली, त्याच्या खुर्चीत मला बसलेलं पाहिलं. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या. चालू द्या थोडा वेळ." तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की ती त्याच्या पलंगावर येऊन बसते आणि मी यंत्र लावतो. मोजणी गुरुवारीच संपली, तरी लावतो. इमारत एकेक चौकट करत तयार होत जाते. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत त्याने पेपर वाचणारा एक टकला माणूस बसवला आहे. शोभाने तो मला बोट ठेवून दाखवला. टक्कल माझं, पेपर धरायची ढबही माझीच.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. सत्या गेला त्या सकाळी लॅपटॉप दोनदा तापून बंद पडला. काम संध्याकाळी द्यायचं होतं. सत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते मला झोंबलं. "मग जा त्या प्रणितकडे. तोच तुझा शहाणा," मी म्हणालो. तो बाइक घेऊन निघाला आणि उरणच्या वाटेवर गव्हाणच्या पुढे ट्रेलरने त्याला उडवलं. दवाखान्यात तू शोभाचे पाय धरलेस आणि म्हणालास, "काकी, मीच बोलवला त्याला." मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. दहा दिवसांनी त्याचा मोबाइल उघडला, तर तुझा निरोप दिसला: "आज येऊ नको, गव्हाणला ट्रेलरची लय गर्दी हाय. उद्या मीच सीपीयू घेऊन येतो." खाली त्याचं उत्तर: "बाबा म्हणाले जा. निघालो." म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. तू ते माझ्यासाठी स्वतःवर घेतलंस, आणि मी तुला वर्षभर ते वाहू दिलं. मालूताई सांगतात, तू कामावर जात नाहीस, गाडीला हात लावत नाहीस, सत्याचं नाव निघालं की घरातून उठून जातोस. काल मी शोभाला दोन्ही निरोप वाचायला दिले. तिने ते दोनदा वाचले. "आधी त्या पोराला कळवा, त्याला घरी बोलवा," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि बोलावं असं मी तिला म्हणणारही नाही. तुला मात्र तिने बोलावलं आहे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये.

तुझाच,
विनायककाका